पिराजीचा काळा बॉल

“…मग एवढा काळा बॉलच का जात नाही, वस्ताद?”

पिराजी चौगुलेने विचारलं. हातात नवी कोरी काठी होती, परदेशातून मागवलेली. तिची पेटीसुद्धा मखमलीची.

बालेखान वस्ताद टेबलाच्या हिरव्या कापडावरून ब्रश फिरवत होते. सकाळची वेळ होती, गिऱ्हाईक अजून यायचं होतं.

“काठी बघू.”

पिराजीने दिली. वस्तादांनी ती डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून बुडापर्यंत निरखली आणि परत केली.

“सरळ हाय.”

“कोपरात काय दोष असंल. बघा की जरा.”

“कोपर मीच बसवलंय तुझं. त्याला काय धाड भरलीय?”

“मग?”

वस्ताद पुन्हा ब्रश फिरवू लागले…

कोल्हापुरात माणूस काहीही शिकवो, कुस्ती, तबला नाहीतर काठीने बॉल जाळीत घालायचा पूलचा खेळ, तो वस्तादच. बालेखान मुजावरांच्या हॉलमध्ये चपला बाहेर काढून यायचं आणि तालमीतल्या मातीसारखा टेबलाला हात लावून कपाळाला लावायचा, मगच काठी धरायची. पिराजी तिथलाच. मिसरूड फुटायच्या आत तो असा खेळायला लागला होता की बॉलनेच विचारावं, मालक, कुठल्या जाळीत जाऊ?

अशा हातावर भलत्यांची नजर पडायला वेळ लागत नाही. शहरात एक टोळी होती, घरं फोडणारी. त्यांनी पिराजीला नोकरीच दिली म्हणा ना. मात्र जिंकण्याची नव्हे, हरण्याची.

हिशेब सोपा होता. पैसेवाला माणूस हेरायचा, खेळायला बसवायचा, आणि तो टेबलापाशी असेपर्यंत त्याचं घर रिकामं करायचं. आता हरणारा माणूस कंटाळून घरी जातो. जिंकणारा कुणी हलवला तरी हलत नाही.

म्हणून पिराजी हरायचा. आपले सगळे बॉल जाळीत घालायचा, शेवटी काळा उरायचा. तो घातला की डाव आपला. आणि नेमका तोच जाळीच्या तोंडाशी येऊन थांबायचा. पिराजी कपाळावर हात मारून घ्यायचा. ती हळहळ इतकी खरी दिसायची की समोरचाच त्याची समजूत घालायचा.

शंभर दिवस चोराचे, एक दिवस सावाचा. टोळी पकडली गेली, पिराजीही आत गेला. शिक्षा पुरी भोगून बाहेर आला तो घरी जायच्या आधी वस्तादांच्या दारात. वस्तादांनी एक अक्षर विचारलं नाही, भिंतीवरची काठी काढून हातात दिली.

तेव्हापासून तो सरळ खेळत होता. गावोगावच्या स्पर्धा जिंकत होता, खेळावरच पोट चालत होतं. कुणी मागचं विचारलं तर मान वर करून सांगायचा, होय, आत होतो, भोगून आलोय. वर्तमानपत्रात फोटोही आला होता. थोडं वारं शिरलं होतं अंगात, नाही असं नाही.

आणि परवा पुण्यात राज्य स्पर्धेची अंतिम लढत व्हायची होती. आयुष्यात एवढ्या मोठ्या डावाला तो कधी उभा राहिला नव्हता. हे एक झालं की लोक चोर पिराजी म्हणायचं सोडतील, असं त्याने मनाशी धरलं होतं.

पण डाव मोठा झाला की काळा बॉल जाळीच्या तोंडाशी थांबायला लागला होता. आधीच्या फेरीत तो अगदी हरता हरता वाचला. समोरचा पोरगा घाबरट निघाला म्हणून निभावलं.

“वस्ताद, माझं सगळं फिटलंय,” पिराजी म्हणाला. “कोर्टानं दिली ती शिक्षा भोगली. मग हात का ऐकत न्हाई?”

वस्तादांनी ब्रश ठेवला. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली.

“हितंच थांब. आलोच.”

खाली स्कूटर खोकली आणि निघून गेली…

बऱ्याच वेळाने ती परत खोकली. पिराजीने खिडकीतून खाली पाहिलं आणि तो मागे सरला. मागच्या सीटवरून एक थोराड गृहस्थ उतरत होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी. गुळाचे व्यापारी आप्पा मगदूम. पिराजीने खेळवत ठेवलेलं शेवटचं गिऱ्हाईक. त्यांच्याच घराच्या चोरीत सगळे पकडले गेले होते.

पळून जावं असं पिराजीला वाटलं. पण हॉलला जिना एकच, आणि त्यावर आप्पा धापा टाकत चढत होते.

ते आत येताच पिराजीने त्यांचे पाय धरले.

“आप्पा, माझं चुकलं…”

“ऊठ रं, ऊठ. ते कोर्टात झालंय सगळं. दागिनं गेलं ते गेलं. बायको बोलली, बोलली, मग तीबी दमली.” आप्पांनी खुर्ची गाठून घाम पुसला. “पण एक सांगतो तुला. त्या संध्याकाळी तुला हरवला होता बाबा मी!”

पिराजीने मान वर केली.

“तो सरकारी वकील म्हणतोय, ह्यानं आप्पांना खेळवत ठेवलं. मी म्हणलो, खेळवतोय कसला? धुत होतो मी त्याला! अख्ख्या गूळ बाजाराला ठाऊक हाय. तुझा फोटो पेपरात आला की नातवंडांना दावतो. म्हणतो, बघा, ह्याला तुमच्या आज्ज्यानं पाणी पाजलंय!”

आप्पांचा चेहरा फुलून आला होता. पिराजीने वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद काठीच्या टोकाला खडू लावत होते.

“आप्पा, खेळा की एक डाव,” ते म्हणाले.

“आता? ह्या वयात?” असं म्हणेपर्यंत आप्पांनी धोतराचा सोगा खोचलासुद्धा.

डाव सुरू झाला. आप्पा खेळत कमी आणि बोलत जास्त होते. त्यांचा एक बॉल चुकून भलत्याच जाळीत गेला तर त्यांनी सांगितलं की तिथंच घालायचा होता. पिराजीचे बॉल मात्र एकामागून एक निमूट निघून गेले.

शेवटी काळा राहिला.

जाळीपासून हातभर. कुणालाही जमावा असा.

पिराजी टेबलावर वाकला. आप्पा वर तोंड करून छताकडे बघत होते, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावेत.

पिराजीचा हात सैल झाला. काय बिघडतंय, त्याच्या मनात आलं. या माणसाचं घर धुऊन नेलं आपण. एक डाव त्याच्या पदरात टाकला तर पुण्यच की. म्हातारा खूश होऊन घरी जाईल. आजवर हरलो ते पापाचं, हे तरी चांगलं हरणं. त्याला अगदी बरं वाटायला लागलं, आणि कोपर नकळत बाहेरच्या अंगाला सरकू लागलं…

“पिराजी,” वस्ताद म्हणाले, “परत घर फोडतोयस व्हय?”

काठी जागच्या जागी थांबली.

“म्हंजे?” आप्पांनी विचारलं.

वस्ताद खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

पिराजी सरळ झाला. कोर्टात गुन्हा कबूल करताना त्याला एवढं जड गेलं नव्हतं.

“आप्पा… त्या संध्याकाळी तुम्ही जिंकला न्हाईसा. मी हरत होतो. मुद्दाम. तुम्ही उठून घरी जाऊ नये म्हणून.”

त्याने काळ्या बॉलकडे बोट केलं.

“आत्ताबी तेच करणार होतो.”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली.

“एकबी डाव न्हाई?”

“न्हाई, आप्पा.”

“तो शेवटचा? कडेला आपटून फिरवून घातलेला? लोकांनी टाळ्या वाजवल्या की रं त्याला…”

“तो बॉल मीच तसा तुमच्याम्होरं ठेवला होता.”

आप्पा मटकन खुर्चीत बसले. मघाचा फुललेला चेहरा पार उतरला. सगळ्या गूळ बाजाराला सांगितलेलं त्यांना आठवत असावं, नातवंडांना सांगितलेलंही.

“दागिनं गेलं तवा एवढं वाटलं न्हवतं बघ,” ते हळूच म्हणाले.

पिराजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुरुंगात पहिल्या रात्री पोरं रडतात, तेव्हाही तो रडला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आजवर तो समजत होता की आप्पांच्या घरातून एक दागिन्यांचा डबा गेला. त्यांचं दुसरं काय आपण नेलं ते आज त्याच्या ध्यानात आलं.



मग खुर्ची करकरली. आप्पा उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली आणि टेबलापाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“मार.”

“काय?”

“काळा मार. न चुकवता. एवढं घर फोडून घेतलं, तर तू खेळतोस कसा ते तरी बघू दे मला!”

पिराजीने डोळे पुसले, तेही बाहीने, मखमलीच्या पेटीतल्या रुमालाची आठवण झाली नाही. तो वाकला. परवाची लढत, पेपरातला फोटो, यातलं काही त्या वेळी डोक्यात नव्हतं. समोर एक म्हातारा उभा होता आणि त्याला खरं काय ते दाखवायचं होतं.

काठी सुटली.

ठक.

काळा बॉल जाळीत गेला. कुठे न शिवता, न घुटमळता, जावई सासरी शिरतो तसा हक्काने.



“आयला!” आप्पा ओरडले. “असा जातोय व्हय!”

आणि ते हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग टोपीच खाली पडली.

“हरलो की रं! वस्ताद, बघितलासा न्हवं? खराखुरा हरलो! काय मारलाय, काय मारलाय गड्यानं! ह्याच्यासंगं मी जिंकलो म्हणत होतो… मी!” त्यांना पुढे बोलता येईना. “आता आधी बाजारात जाऊन सांगतो, पिराजीनं मला पार धुतला!”

त्यांनी पिराजीला पोटाशी धरलं. गुळाचा गोड वास त्याच्या नाकात गेला. पिराजी अर्धा रडत होता, अर्धा हसत होता, आणि मग नुसताच हसत राहिला. इतकं मोकळं तो मिसरूड फुटायच्या आधी कधीतरी हसला असेल.

हसता हसता त्याने सवयीने लाकडी त्रिकोण उचलला. पूलचा रिवाज आहे, हरेल त्याने पुढच्या डावाचे बॉल मांडायचे. टोळीत असताना प्रत्येक वेळी पिराजीच मांडायचा.

आप्पांनी तो त्याच्या हातून हिसकावून घेतला.

“आण हिकडं! हरलाय कोण? मी का तू?”

ते टेबलावर ओणवे झाले आणि बॉल मांडायला लागले, गुणगुणत, मध्येच आठवून फिदीफिदी हसत. काळा भलत्याच जागी ठेवला, स्वतःलाच एक शिवी दिली, पुन्हा उचलला. लग्नघरात रुखवत मांडणाऱ्या बाईचासुद्धा एवढा उत्साह नसतो.

पिराजी उड्या मारतच वस्तादांजवळ गेला.

“वस्ताद, गेला! हात ऐकला! आता परवा कोण येतोय म्होरं तेच बघतो. जिंकून येतो का न्हाई बघा!”

वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“जिंकायचं तुला येतंयच की,” ते म्हणाले. मग टेबलावर ओणवून गुणगुणणाऱ्या आप्पांकडे त्यांनी हनुवटी वळवली. “हरायचं कसं, ते तेवढं पुण्याला जायच्या आत ह्यांच्याकडनं शिकून घे.”