एका रुमालात दोन पोथ्या

एकदा एका गावी एक वृद्ध वैद्य राहत होते. त्यांच्या गुरूंनी दिलेली औषधांची पोथी एका वर्षी वाळवीने खाल्ली. सुदैवाने तिघा जुन्या शिष्यांकडे तिच्या नकला होत्या. वैद्यांनी त्या मागवून घेतल्या आणि हाताखालच्या शिष्याला म्हणाले, "तिन्ही पडताळून एक शुद्ध प्रत तयार कर. शेटजींचं औषध तिच्यावरूनच करायचं आहे."

शेटजी गावातले व्यापारी, संधिवाताने बेजार. काठी टेकत रोज ओसरीवर येऊन बसत आणि आत शिष्याला हाक मारत, "अहो पंडित, आटपा की! गुडघे माझे दुखताहेत, पोथीचे नाहीत."

शिष्य चिकाटीचा होता. ओळीला ओळ लावून वाची. तिन्ही प्रती जुळल्या की उतरवून घेई. न जुळल्या, तर दोन प्रती जे म्हणतील ते घेई. बिब्याच्या औषधापाशी तिसऱ्या प्रतीत एक ओळ जास्त निघाली: बिबे आधी विटेच्या चुऱ्यात घोळून त्यांचं तेल उतरवावं. बाकी दोन्ही प्रतींत ती दिसली नाही. तिसऱ्या प्रतीचं अक्षर म्हणजे कोंबडीने अंगण उकरलेलं, शिवाय पानोपानी चुका. शिष्याने ती ओळ गाळली, औषधासाठी बिबे काढून ठेवले आणि समाधानाने आपली प्रत गुरूंपुढे ठेवली.

गुरूंनी ते पान वाचलं. मग पोथ्या बांधायचे दोन रुमाल घेतले. एकमत असलेल्या दोन पोथ्या एका रुमालात बांधल्या, तिसरी दुसऱ्यात.

"आता मोज."

"काय मोजू, गुरुजी?"

"साक्षीदार," एवढंच म्हणून ते ओसरीवर शेटजींशी बोलायला गेले.

 शिष्याने दोन पोथ्यांचं गाठोडं सोडलं आणि दोन्ही पोथ्यांची ती पानं शेजारी शेजारी मांडली. एका पानावर तेलाचा मोठा डाग होता. शाई पसरून एक ओळ त्यात बुडाली होती. दुसरं पान लख्ख होतं, पण नेमकी तेवढीच ओळ त्यात नव्हती. म्हणजे ही नक्कल मूळ पोथीवरून केलेली नव्हतीच, या डागाळलेल्या पोथीवरून केलेली होती! त्याने डागाचं पान उन्हासमोर धरलं. तेलकट कागदातून अक्षरं पुसट उमटली: विटेच्या चुऱ्यात.

बाहेर शेटजी विचारत होते, "आज तरी मिळेल ना हो?" त्या कच्च्या बिब्यांनी त्यांचं तोंड आतून भाजून निघालं असतं. शिष्याने काढून ठेवलेले बिबे घाईने बाजूला सारले.

गुरू आत आले तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला ही ओळ ठाऊक होती. सरळ सांगितलं का नाही?"

"ही एक ठाऊक होती, बाबा. पोथीत मलाही न आठवणारं पुष्कळ आहे. तिथे मी नसेन आणि तू पुन्हा डोकी मोजत बसशील. एकाचं पाहून दुसऱ्याने लिहिलं, तर ती साक्ष एकच. किती जण म्हणतात हे मागाहून पाहावं. कोणी कुणाचं पाहून म्हटलं, हे आधी."

शिष्याने गाळलेली ओळ लिहिली. मग त्याने विचारलं, "माझी प्रत कोणत्या रुमालात बांधू?"

"कोणत्याच नाही. कुठला शब्द कोणाकडून घेतलास आणि कोणाचा सोडलास, ते समासात लिही. मगच तिला स्वतःचा रुमाल."

शिष्य पहिल्या पानापासून पुन्हा बसला. दुपारी ओसरीवरून हाक आली तेव्हा तो पोथी बाजूला ठेवून बिब्यांसाठी विटेचा चुरा चाळत होता. "शेटजी," तो म्हणाला, "आजचा दिवस गुडघ्यांना थांबायला सांगा."

चार जणांकडून ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी आपणही एकदा पाहावं, ते चौघे किती रुमालांत बसतात.