बाईंचा उतार

पांगारवाडीच्या खालच्या अंगाने जो पऱ्या वाहतो, त्या डोंगरओढ्यावर आता सिमेंटचा पूल आहे. पुलापासून हाकेच्या अंतरावर, दोन जांभळांच्या मधून, पाण्यात उतरणारी एक दगडी पायवाट दिसते. तिला बाईंचा उतार म्हणतात. हल्ली तिथून गुरेदेखील कोणी उतरवीत नाही. मात्र श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी शाळेतले झाडून सारे शिक्षक त्या वाटेने कमरेइतक्या पाण्यात उतरतात, डोक्यावरून पाणी घेतात आणि तशाच निथळत्या कपड्यांनी वर्गावर जातात. मुले त्या दिवशी कोरडीठाक बसलेली असतात. परगावच्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. मग गावातले कोणी जाणते माणूस त्याला जांभळाखाली बसवून घेते आणि मथुराबाईंची हकीकत सांगते.

मुलींची शाळा त्या वेळी नुकतीच निघाली होती आणि देवळाच्या पडवीत भरत असे. मथुराबाई नाटेकर पुण्याला शिक्षण घेऊन चैत्रात इथे रुजू झाल्या. त्यांचे पातळ नेहमी पांढरे, निळीत काढलेले. निरी अशी की एक चूण दुसरीहून पुढे नसे. रोज सकाळी त्या पडवीच्या उंबऱ्याशी उभ्या राहत आणि एकेका मुलीला आपादमस्तक न्याहाळून आत घेत. परकर मळका असला, पोलक्याचा बंद सुटलेला असला किंवा कपडे ओले असले, तर मुलीला परत पाठवीत. रागावत नसत. “कपडे बदलून ये,” एवढेच म्हणत. आणि एकदा उच्चारलेला शब्द बाई मागे घेत नाहीत, हे मुलींना पुरते ठाऊक झाले होते.

त्या कठोरपणालाही कारण होते, असे सांगतात. गावातले चार वजनदार लोक पारावर बसून म्हणत, “पोरी शाळेत घातल्या खऱ्या, पण दिसतात कशा, तर गोठ्यातून उठून आल्यासारख्या.” बाईंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले होते. या मुलींकडे बोट दाखवायला कोणाला जागा राहू द्यायची नाही, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवले.

श्रावणातल्या त्या सोमवारी शाळेची तपासणी होती. डिपोटीसाहेब दुपारी येणार होते आणि शाळा पुढे चालवायची की मोडायची, हे त्यांच्या मतावर ठरायचे होते. बाई पहाटेपासून अस्वस्थ होत्या. सकाळी शेवंता उंबऱ्याशी आली, तेव्हा तिचा परकर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला होता. शेवंता म्हणजे वर्गातली सगळ्यांत खणखणीत वाचणारी मुलगी. साहेबांपुढे धडा तिलाच वाचायला लावायचा, असे बाईंनी योजले होते.

“आजच का गं?” बाई म्हणाल्या. “घरी जा. धुतलेला, कोरडा परकर नेसून ये. साहेब यायच्या आत ये.”

“होय बाई,” शेवंता म्हणाली आणि पळत सुटली.

पाटीवरची बेरीज तपासून होते न होते तोच पावसाची सर आली. ती थांबेना. पन्हाळीचे पाणी अंगणात धो धो पडू लागले, आणि मुली कवितेच्या ओळी त्या आवाजावर चढवून म्हणू लागल्या. शेवंताची जागा रिकामीच होती. बाईंनी एकदा दाराकडे पाहिले. पुन्हा पाहिले.

“हिला इतका वेळ का लागतो?” त्यांनी विचारले.

पुढच्या ओळीतली काशी, जिला कधी गप्प बसणे जमले नाही, ती म्हणाली, “बाई, तिचं घर पऱ्याच्या पलीकडं. पाणी वाढलं की तिकडची पोरं येतच नाहीत.”

“पलीकडे? मग ती रोज येते कशी?”

“उतारावरून. दोराला धरून.” आणि काशीला हसू आले. “बाई, तुम्ही उतार बघितला नाहीत?”

बाईंनी उतार पाहिला नव्हता. बिऱ्हाडापासून देऊळ आणि देवळापासून बिऱ्हाड, एवढीच गावातली वाट त्यांच्या पायाखालची होती. शेवंताच्या परकराला आज चिखल कुठून लागला, हे त्यांनी विचारले नव्हते. त्यांनी कवितेचे पान उलटले, पण त्यावरचे एक अक्षर त्यांना दिसेना. ती घरीच थांबली असेल, असे त्यांनी स्वतःला समजावले. शहाणी मुलगी आहे. पाणी पाहील आणि थांबेल. मग त्यांच्या मनात आले की आपण तिला ये म्हटले आहे. साहेब यायच्या आत ये म्हटले आहे. ती थांबणार नाही.

त्यांनी काशीला वर्गावर बसवले आणि त्या निघाल्या. छत्री खुंटीवरच राहिली. शेणामातीच्या त्या उतरत्या वाटेवरून कोणी बाईंना धावताना पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले, म्हणे.

उतारावर दोर राखणारा धाकू म्हातारा एकटाच उभा होता. दोन्ही काठांच्या जांभळांना जो काथ्याचा दोर बांधलेला असे, त्याचे पलीकडचे टोक लोंढ्याने तुटले होते. अलीकडचे टोक धाकूच्या मुठीत होते आणि पाणी तांबडे, फेसाळ, कमरेच्या वर चढले होते. काठापासून थोड्या अंतरावर एका खडकाला टेकून शेवंता उभी होती. छातीपर्यंत पाणी. डोक्यावर फडक्यात बांधलेले गाठोडे, आणि ते तिने एका हाताने दाबून धरलेले. दुसऱ्या हाताला दोर गुंडाळलेला.

“ओढत का नाही तिला?” बाईंना धाप लागली होती.

“ओढू कसा? येका हातानं धरलाय तिनं दोर. मदी वढ हाय, दोन हात नसलं तर सुटंल.” धाकू मागे न बघता म्हणाला. “गाठोडं टाक म्हणून घसा बसला माजा. आयकत नाय पोर. धुतलेला परकर हाय म्हणं त्यात.”

बाई पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या.

“शेवंता,” त्यांनी हाक मारली. “टाक ते गाठोडे. दोन्ही हातांनी दोर धर.”

शेवंताचे ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, “भिजंल, बाई.”

“भिजू दे.”

“भिजल्यावर तुम्ही आत घ्यायच्या नाही.”

“घेईन. मी सांगते ना, घेईन.”

शेवंताने मान हलवली. तिला ते खरे वाटले नाही. कसे वाटावे? ओल्या कपड्यांनी आलेल्या मुली परत जाताना तिने आषाढभर पाहिल्या होत्या आणि बाई शब्द फिरवीत नाहीत, हे तिने बाईंकडूनच शिकले होते. खडकाभोवती पाणी वर सरकत होते. बाई पुन्हा बोलल्या, विनवणी केली, दटावले. आपला आवाज तिच्यापर्यंत पोहोचतो आणि तरी उपयोगी पडत नाही, हे त्यांना दिसत होते. पोरीचा हात गाठोड्यावरून हलेना.

तेव्हा मथुराबाई पाण्यात उतरल्या. धाकू ओरडला, “बाई, तुमाला पवता येतं का?” त्यांना पोहता येत नव्हतेच. एका हाताने दोर धरून त्या कमरेपर्यंत गेल्या आणि तिथे, त्या गढूळ पाण्यात, खाली बसल्या. पाणी डोक्यावरून गेले. उठल्या तेव्हा अंबाडा सुटला होता, पदर तांबडा झाला होता, कपाळावर चिखल होता.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “मी अशीच वर्गात जाणार आहे. साहेबांपुढे अशीच बसणार आहे. तू माझ्याशेजारी बस.”

शेवंता त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने हात काढला. गाठोडे डोक्यावरून घसरले, एकदा फिरले आणि लोंढ्यात गेले. तिने दोन्ही मुठींनी दोर धरला, धाकूने ओढला, आणि मधल्या ओढीत ती पायांवरून सुटली त्या क्षणी बाईंनी तिचा दंड पकडला.

डिपोटीसाहेब आले, तेव्हा पडवीत शिक्षिकेच्या पातळातून पाणी ठिबकत होते आणि बाजूला बसलेली एक मुलगी कुडकुडत धडा वाचत होती. साहेब काय म्हणाले, याविषयी गावात एकमत नाही. कोणी म्हणतात, त्यांनी खिडकी लावायला सांगितली आणि एवढेच बोलले. कोणी म्हणतात, त्यांनी धडा दोनदा वाचून घेतला. शाळा मात्र चालू राहिली. तेव्हापासून शाळेच्या वेळेत उतारावर कमरेच्या वर पाणी चढत नाही, असेही सांगतात. पण ते कोणी पाण्यात उभे राहून पडताळू नये.

मथुराबाई पुढे पुष्कळ वर्षे इथे होत्या. कपड्यांची त्यांची शिस्त सुटली नाही, उंबऱ्याशी उभे राहणेही सुटले नाही. पण मळका परकर दिसला की त्या मुलीला आत घेत, आणि मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत जात. पाऊस लागला की त्यांचे शिकवण्यात लक्ष नसे, असे त्यांच्या विद्यार्थिनी म्हातारपणी सांगत.

परकर-पोलके जाऊन झगे आले, झग्यांचे स्कर्ट झाले, आता निळा-पांढरा सरकारी गणवेश आहे. त्याचे नियम आहेत आणि ते मोडले तर बोलणीही बसतात. परंतु आजही या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की पावसाळ्यात त्याला प्रत्येक मुलाच्या घरापर्यंत एकदा चालून यावे लागते. मूल पुढे चालते आणि शिक्षक त्याच्या मागे. सगळी घरे पायाखालून गेल्याशिवाय कोणाच्याही कपड्यांबद्दल त्याने चकार शब्द काढायचा नसतो.

मागल्या वर्षी आलेले तरुण मास्तर शेवटच्या घरी पोहोचले, तेव्हा मांडीपर्यंत चिखलाने माखले होते. दारातल्या बाईने त्यांच्याकडे पाहिले, पाय धुवायला तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “तसेच या आत.”