कळसावरचं विमान

"सगुणे, तुझा तांब्याचा बिल्ला काढून ठेव! आजपासून तुझं उडणं बंद!"

उंबरगडचे धुंडिराजे भर दरबारात गरजले. त्या काळी उंबरगडात कळकाची नि रेशमाची विमानं उडत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण उडत! कायदा एकच होता, राजवाड्याच्या गच्चीवरून विमान न्यायचं नाही. राजे तिथं पंचा नेसून तेल चोळून घेत असत.

आदल्या संध्याकाळी सगुणा कासार नदीपलीकडच्या लग्नघरी चुडे पोचवायला गेली होती. परतताना ती वेशीवरच्या चौकीजवळ उतरते न उतरते तोच कोतवाल भिकोबा तिच्याजवळ आला. आवाज अगदी लोण्यासारखा! "तायडे, आपल्या दोघांतच राहील. जराशी गच्चीवरून गेली असशील, नाही का? हो म्हण, मी मिटवून टाकतो."

घाबरून मान डोलावली असती, तर सगळं तिथंच आटोपलं असतं! पण सगुणा हात जोडून म्हणाली, "काका, तुम्ही काय पाहिलंत ते दरबारात सांगा. मला बोलायचं ते मी तिथंच बोलेन."

म्हणून आता ती दरबारात उभी होती. बिल्ला गेला की आभाळ गेलं, आणि आभाळाशिवाय ती कधी जगलीच नव्हती.

"गच्चीवरून गेली नाहीस म्हणतेस?" राजे मिशीला पीळ देत म्हणाले. "मग सिद्ध कर! आभाळात चाकोरी उमटत नाही नि ढग साक्षीला येत नाहीत. दिवेलागणीपर्यंत मुदत!"

दरबारी खुसखुसले. सगुणा मात्र कोतवालाकडे वळली.

"काका, विमान पाहिलंत तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"वेशीवरच्या चौकीत, माझ्या बाजेवर! तिथून तसूभर हललो नाही, राजांची आण!"

"आणि काय दिसलं?"

"तुझं पिवळं विमान! राजवाड्याच्या कळसावर, बरोब्बर कळसावर! या डोळ्यांनी पाहिलं!"

"झालं तर! महाराज, एवढ्या चौकीपर्यंत चलावं."

राजांना गंमत वाटली. सगळा लवाजमा वेशीवर निघाला. सगुणानं राजांना कोतवालाच्या बाजेवर आडवं व्हायला लावलं. बाज कुरकुरली. समोर राजवाडा, त्यामागं नदी, नदीपलीकडं डोंगर, आणि सूर्य मावळतीला आलेला.

"महाराज, कळसावर काय दिसतंय?"

"सूर्य! अगदी कळसाला टेकलाय."

"पकडा त्याला!" सगुणा ओरडली. "रोज संध्याकाळी गच्चीवरून जातो, तेही कोतवालांच्या डोळ्यांदेखत! आधी त्याचा बिल्ला काढा, मग माझा!"

भिकोबा खवळला. "काहीतरीच काय, पोरी! सूर्य गच्चीवर कुठला? तो पार डोंगरापलीकडं आहे! इथून बाजेवरून तसा दिसतो, इतकंच!"

"काका," सगुणा गोड हसली, "आता हेच माझ्या विमानाबद्दल एकदा म्हणा ना! मी नदीवर होते."

राजे असे खदाखदा हसले, की बाजेची सुंभं तुटली आणि महाराज खाली बसले! तिथूनच त्यांनी हुकूम सोडला, "भिकोबा, उद्यापासून तुझी चौकी गच्चीवर!"

"महाराज, जिने फार हो! गुडघे..."

"मग सगुणा तुला रोज विमानातून नेऊन सोडेल."

"पण गच्चीवर विमान नेणं गुन्हा आहे, महाराज!"

"होता!" राजे डोळे पुसत म्हणाले. "आजपासून गच्चीवर उतरायचा मान एकट्या सगुणेचा. आणि तिचा तांब्याचा बिल्ला बदलून सोन्याचा द्या! फक्त पोरी, येताना वरूनच एक हाक मारत जा. मी पंचा सावरून बसेन!"