ब्रेकमधली हवा

आजऱ्यात वैजयंता शिंत्रे यांचं गॅरेज होतं. एकदा साखर कारखान्याचे चेअरमन धैर्यशीलराव तिथे गाडीसाठी खोळंबले. ब्रेकची फुटलेली नळी बदलून झाली होती, पण पेडल अजून मऊच लागत होतं. त्यांना तर पत्नीसह आंबोली घाट उतरून सभेला जायचं होतं.

"एबीएसच्या, म्हणजे चाकं घसरू न देणाऱ्या ब्रेकच्या, पंपात हवा अडकलीय. मशीन लावून काढावी लागेल," वैजयंताबाई म्हणाल्या.

"बाई, मला शिकवू नका. टायरमध्ये हवा चालते, मग ब्रेकमध्ये असली तर काय बिघडलं?"

सोबतचे कार्यकर्ते हसले.

वैजयंताबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, टायरमधली हवा गाडीला उचलून धरते. ब्रेकमधली हवा माणसाला उचलून नेते."

हसू जागीच विरलं. चेअरमननी मुकाट्याने किल्ली पुढे केली. मशीन लावताच पंप गुरगुरला, नळीतून बुडबुडे निघत राहिले आणि पेडल घट्ट झालं.

घाटात धुक्यातून एक प्रचंड गवा रस्त्यावर आला. धैर्यशीलरावांनी पेडल दाबलं. ते पायाखाली थरथरलं, पण गाडी न घसरता हातभर अंतरावर थांबली. गव्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तो सावकाश रानात उतरला.

धैर्यशीलरावांनी गाडी पुढे काढली. मग ते हळूच पत्नीला म्हणाले, "पोचल्यावर आधी त्या बाईंना कळवू."