ओतून दिलेला काढा

“...मग हिनं पोरीला चोरून शाम्पू लावला असणार, दुसरं काय?” जयवंत म्हणाला.

बायजामाय मठाच्या ओट्यावर बसून रिठे फोडत होती. तिनं पुढचा रिठा उचलला.

“लावला नाही म्हणते ती. पण असं कुणी कबूल करतं का, माय? मी तिची पिशवीसुद्धा तपासली.”

“सापडला?”

“नाही. घरी ठेवून आली असेल.”

ओट्याखाली शालन उभी होती, आणि तिच्या पदराला धरून तिची बारा वर्षांची केतकी. महिन्यापूर्वी दोघी आल्या, तेव्हा पोरीचे केस फणीबरोबर पुंजक्यानं येत होते, एवढंच. आज तिच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. फडक्याखाली खपल्या, कानामागे रुपयाएवढं टक्कल. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेनासं झालं होतं.

जयवंत तसा खोटा माणूस नव्हता. मठात येण्याआधी सहा वर्षं तो गावोगाव शाम्पू विकत हिंडला. एक दिवस बाटलीमागची बारीक अक्षरं त्यानं भिंगातून वाचली, आणि बिथरला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जयवंत पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

सल्फेट डोक्यातलं तेल ओरबाडून नेतं, सिलिकॉन मोडक्या केसावर नुसता मुलामा चढवतं, आणि पॅराबेनचं तर नावच काढू नका! मठात येणाऱ्यांना तो हे पाठ म्हणून दाखवी. लोक माना डोलवत. त्याचे स्वतःचे केस खांद्यापर्यंत, काळेभोर. बोलता बोलता तो ते हटकून झटके.

संशय त्याला मायचाही होता. मुंडण केलेली म्हातारी, तिला केसांतलं काय कळणार?

आणि दुसरी एक गोष्ट त्याला फार दिवस सलत होती. माय रोज पहाटे शिकेकाई, रिठे, आवळकाठी उकळायची, फडक्यानं गाळायची, आलेल्यांची डोकी धुवायची. उरलेला काढा दुपारी चाफ्याच्या बुंध्याशी ओतून द्यायची. चांगला कळशीभर! कुणी घरी नेतो म्हटलं, तर म्हणायची, “उद्या या.”

जयवंतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हातारी गुपित राखते आहे. काढा बाहेर गेला, तर आत काय आहे ते कुणीतरी शोधून काढील, म्हणून ओतते.

विचारलं त्यानं कधीच नाही. पाळत तेवढी ठेवली.

मग उरलेला काढा तो गुपचूप बाटल्यांत भरू लागला आणि लांबून येणाऱ्यांना देऊ लागला. बाटलीवर चिठ्ठी डकवायचा, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

आता शालननं पिशवीतून त्यातलीच एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. चोरी उघडी पडली, एवढंच जयवंतला वाटलं. दुसरं काही त्याच्या मनात आलंही नाही.

“ही कुठली?” मायनं विचारलं.

“मीच दिली. तुझाच काढा आहे, माय. त्यात मी पाण्याचा थेंब घातला नाही.”

“वर काय लिहिलंय? वाच.”

“एकही रसायन नाही. महिनाभर पुरते.”

मायनं हातातला रिठा फोडला. टरफल सुपात टाकलं.

“शाम्पूतलं ते शेवटचं काय म्हणतोस तू? ज्याचं नाव काढू देत नाहीस ते?”

“पॅराबेन. विष आहे ते.”

“मग घालतात कशाला?”

“टिकावं म्हणून.”

“म्हणजे?”

“म्हणजे... सडू नये...”

जयवंतची नजर चाफ्याकडे गेली.

चाफ्याखाली परवाची फुलं पडली होती. तपकिरी, चिकट झालेली.

“पण तिच्या गावचं पाणी जड असेल, माय,” तो घाईनं म्हणाला.

“असेल.”

“फणी कुणाची तरी वापरली असेल.”

“असेल...”

“आणि हिनं सांगितल्यासारखं लावलं कशावरून?”

आता मात्र शालननं तोंड उघडलं. आवाज अगदी हळू होता.

“दर तिसऱ्या दिवशी न चुकता लावलं, दादा. शेवटी शेवटी वास यायला लागला, तर फोन करून तुम्हालाच विचारलं मी. तुम्ही म्हणालात, रसायन नसलं की असाच वास येतो. लावत राहा.”

जयवंतला तो फोन आठवला. ही बाई आता बाटली परत द्यायचं निमित्त शोधते आहे, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

मायनं बूच काढलं. ओल्या पोत्यासारखा आंबूस भपकारा ओट्यावर पसरला. जयवंतनं नाकाला उपरणं लावलं. शालन आणि केतकी तशाच उभ्या राहिल्या. त्यांना सवय झाली होती.

मायनं बाटली तळहातावर उलटी केली. आधी बुरशीची पांढरी साय पडली, मग काळपट पाणी.

“बस,” ती म्हणाली.

जयवंत तिच्यासमोर बसला.

“डोकं पुढं कर.”

त्यानं केलं. मायचा भरलेला हात त्याच्या केसांजवळ आला...

जयवंतची मान झटकन मागे गेली.

मायनं हात तिथंच थांबवला. बराच वेळ. बोटांतून काळं पाणी ओट्यावर ठिबकत राहिलं. जयवंतला वाटलं, आता ही रागावेल. रागावली तर बरं होईल.

मायनं हात धुतला, पदराला पुसला. केतकीला जवळ घेऊन तिच्या डोक्याचं फडकं हलक्या हातानं सोडायला लागली. जयवंतकडे तिनं पाहिलंही नाही.

“या लेकरानं मान मागं घेतली नव्हती रे.”