चेहरे वाचणाऱ्याची मुलगी

“...मग या चेहऱ्यावर काय लिहिलंय, ते तरी सांगा आचार्य!”

लेओनहार्टने दुपट्यातली आपली मुलगी पुढे केली. नुकतीच जन्मलेली. वरचा ओठ थेट नाकापर्यंत दुभंगलेला.

म्हातारे आचार्य वेंडेलिन वैद्य होते आणि तत्त्वज्ञही. माणूस म्हणजे काय, या एका प्रश्नावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या जर्मनीत चेहऱ्यावरून स्वभाव आणि नशीब सांगणं हेही वैद्यकीतच मोडायचं. त्यांचा शिष्य लेओनहार्ट त्यात भलताच तरबेज. नुसतं नाक बघून समोरच्याची कुंडली मांडायचा आणि वर पैजही लावायचा!

आज मात्र स्वतःच्या मुलीचा चेहरा वाचायचं धाडस त्याला होत नव्हतं.

आचार्यांनी मुलीला मांडीवर घेतलं.

“दूध?”

“ओढता येत नाही तिला. नाकातून परत येतं.”

आचार्यांनी कोमट दूध मागवलं. मुलीला जरा उभं धरलं आणि चमच्याने थेंब थेंब सोडू लागले.

थोडं सांडलं. थोडं तिने गिळलं.

“तुम्हीच शिकवलंत,” लेओनहार्ट म्हणाला. “चेहरा बिघडलेला, तर नशीबही बिघडलेलं. संध्याकाळी मठातल्या संन्यासिनी येतील. त्यांना देऊन टाकावी म्हणतो. तिच्या आईला अजून मी नीट बघूही दिलेली नाही.”

“नाव काय ठेवलंस?”

“...नाही ठेवलं.”

मुलगी शिंकली. दूध आचार्यांच्या दाढीवर उडालं. ते खुदकन हसले. दाढी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“हसू नका हो!” लेओनहार्टचा आवाज फुटला. “बाप आहे मी हिचा. भीती वाटते मला. हिचं पुढे काय होणार... तेवढं सांगा.”

“सांगतो की. चेहऱ्यावर दिसतं ते. मी लिहिलंय ते काही खोटं नाही.”

लेओनहार्टने मान खाली घातली.

आचार्यांनी मुलगी त्याच्या हातांत दिली. चमचाही दिला.

त्याने एक थेंब तिच्या ओठांत सोडला... आणि ती गिळते का, ते श्वास रोखून बघत राहिला.

आचार्यांनी चष्मा चढवला. मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. लेओनहार्टची हनुवटी धरून त्यांनी त्याचा चेहरा हलकेच खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

“हलू नकोस,” ते म्हणाले. “हिचं नशीब बघतोय.”