ओला निळा, वाळलेला निळा

अस्सक देशात गोदावरीच्या काठी पोतली नावाचे नगर होते. तेथे सुयाम राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव रोहक ठेवले होते. वडिलांच्या मागे घरची दोन कुंडे त्यांच्याकडे आली, एक मंजिष्ठेच्या लालाचे आणि एक निळीचे. पत्नी सामा हिच्यासह ते नदीच्या उतारावर राहत आणि या दोन कुंडांवर संसार चालवीत.

निळीच्या कुंडातून कापड वर येते तेव्हा ते निळे नसते. केळीच्या कोवळ्या पानासारखे हिरवट पिवळे असते. मग त्याला वारा लागतो, कडेकडेने ते निळे होऊ लागते, आणि पाहणाऱ्याला वाटते की संध्याकाळच हळूहळू कापडावर उतरते आहे. पोतलीच्या लोकांना हे पाहण्याचा फार नाद होता. याला ते पालट म्हणत. रंगाऱ्याने कापड घाटावर आणून सर्वांसमोर उघडायचे, लोकांनी पालट पाहायचा, आणि जिथे निळा सर्वांत गडद उतरला ते कापड व्यापाऱ्यांनी ओले असतानाच उचलायचे, अशी तेथली रीत होती.

रोहकाच्या पालटासारखा पालट कुणाचाच नव्हता. कुंड तीव्र ठेवून त्यात कापड दीर्घ काळ दडपून ठेवायचे, ही घरची पद्धत होती. वर आलेले कापड मेघासारखे काळे-निळे होई. घाटावरची माणसे पायऱ्या उतरून जवळ येत. मग कापड नावेत चढे, नाव वळणाआड जाई, आणि रोहक घरी परतत.

एके वर्षी राजाने नगरात मोठे रंगघर बांधवले. नगरातले सारे कापड यापुढे तेथेच रंगवले जाईल, घरोघरची कुंडे बंद होतील, आणि रंगघराला एक मुख्य नेमला जाईल, अशी दवंडी पिटली गेली. काम बहुतेक निळ्याचे होते. मुख्याला राजाच्या कोठारातून जन्मभर धान्य मिळणार होते. ज्याला रंगघरात जागा मिळणार नाही, त्याला दुसरे गाव पाहावे लागणार होते.

अस्सक देशात नेमणुकीची पद्धत वेगळी होती. उमेदवाराची परीक्षा कुणी घेत नसे. राजवाड्यासमोर एक काळी शिळा होती. तिच्यावर बसून, आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचे. एकाने दुसऱ्याच्या वतीने बोलायचे नाही. जो जे सांगेल, त्याला तो जन्मभर बांधलेला राही.

मुख्य रोहकच होणार असे सगळे नगर बोलू लागले, तेव्हा सामाच्या जिवात जीव आला. ती म्हणाली, "चला, माझ्या भावाच्या त्या कोरड्या गावी जायची वेळ टळली. तिथे पाणी पाहायला पण विहिरीत वाकावं लागतं."

बोधिसत्त्व अंगणात बसून शिळेवर काय बोलायचे याची मनात जुळणी करू लागले. लाल येतो, असे म्हणून झाले. निळा येतो, असे म्हणायला गेले आणि थांबले. मांडीवर कापडाचा तुकडा होता, तो त्यांनी उलटासुलटा केला. पुन्हा जुळणी केली, पुन्हा तेथेच थांबले.

सामा म्हणाली, "काय झालं? सगळं नगर सांगतंय की तुमच्यासारखा निळा कुणाचा नाही. तुम्हालाच तेवढं कुणी कळवलं नाही वाटतं."

"नगराने माझा निळा ओला पाहिला आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "मीही ओलाच पाहिला आहे. वळणापलीकडे त्याचं काय होतं, ते मला ठाऊक नाही."

"म्हणजे आता कापडामागे फिरणार? लेक सासरी नांदते की नाही ते बघायला निघाल्यासारखे?"

"तसंच म्हण."

सामाने कपाळाला हात लावला, पण भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व एका मालवाहू नावेत बसून खालच्या अंगाला निघाले. पाण्यावर धुके होते. नाव चालते आहे की काठच मागे सरकतो आहे, ते कळत नव्हते. धुके विरळ होई तेव्हा काठावर वाळत घातलेली वस्त्रे दिसत, पिवळी, पांढरी, लाल, जणू कुणी झाडांना न सांगता फुले आणून ठेवली आहेत. एका गावाशी तांबडा रंग लांबूनच चमकला. तो आपला लाल आहे, हे त्यांनी नाव लागायच्या आधीच ओळखले. कित्येक पावसाळे खाऊनही तो कोकिळेच्या डोळ्यासारखा जिवंत होता. त्यांना आनंद झाला. त्याच वाळवणीच्या काठीवर शेजारी एक राखाडी वस्त्र होते. त्याच्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

वस्त्रांशी एक बाई उभी होती. ती कुंभाराची बायको होती, तिचे नाव मेत्तिका. बोधिसत्त्वांनी विचारले, "आई, हा लाल कुठला?"

"पोतलीचा. चांगला आहे. माझ्या लग्नातला. मी म्हातारी झाले, तो काही होत नाही."

"आणि निळं काही नाही का तुमच्याकडे?"

"हे काय, निळंच आहे की," असे म्हणून तिने ते राखाडी वस्त्र काठीवरून ओढले. "त्याच घरचं आहे म्हणे. आणलं तेव्हा असं होतं, की रात्रीचं आभाळ घडी घालून आणलंय. पहिल्या आठवड्यात माझी मान निळी झाली. मग नवऱ्याचा खांदा. मग आमची गाय अंग घासून गेली, तर तीही निळी. सासू म्हणायची, सून आणली की मोर आणला. सगळ्यांना रंग वाटून झाला, आणि त्याच्यापाशी काही उरलं नाही."

ती हसली. बोधिसत्त्वही हसले, पण त्यांनी ते वस्त्र हातात घेतले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. विणीच्या आत, धाग्याच्या पोटात, पाहिले. तेथे निळा कधी शिरलाच नव्हता. तो वर बसून राहिला होता आणि निघून गेला होता.

त्या दिवशी ते आणखी खाली गेले. प्रत्येक गावी त्यांना आपला लाल भेटला आणि आपल्या निळ्याची राख भेटली. कुठे ते पाळण्याला बांधले होते, कुठे जात्यावर झाकले होते. नदी मात्र सगळीकडे तितकीच निळी होती. त्यांना वाटले, इतकी वर्षे आपण कापड रंगवले नाही, नदीच रंगवली.

उन्हे कलताना एका धक्क्यावर त्यांनी एका नावाड्याच्या डोक्याला मुंडासे पाहिले. ते निळे होते. ऊन, पाणी आणि घाम यांत ते पार विरले होते, सुतेसुते सुटली होती, पण प्रत्येक सूत निळे होते. बोधिसत्त्वांनी विचारले, "दादा, हे कुणाच्या कुंडातलं?"

नावाडी म्हणाला, "पोतलीत उत्तिय म्हणून एक मुखदुर्बळ माणूस आहे. त्याच्याकडचं कुणी घेत नव्हतं, म्हणून स्वस्त पडलं. फाटतं आहे, पण रंग सोडत नाही. मेलो तरी डोकं निळं दिसेल."

उत्तियाला बोधिसत्त्व ओळखत होते. तो घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसे. त्याचे कुंड सौम्य असे. कापड तो बुडवी, लगेच काढी, वाळवी, पुन्हा बुडवी, पुन्हा वाळवी, आणि असे कितीदा तरी करी. प्रत्येक वेळी निळा इतका थोडा चढे की पाहण्यासारखा पालट कधी होतच नसे. लोक म्हणत, उत्तियाचा पालट बघायला बसलेला माणूस म्हातारा होऊन उठतो.

परतताना प्रवाहाविरुद्ध नाव ओढून न्यावी लागत होती. नावाडी काठाने दोर खेचीत होते, आणि बोधिसत्त्व नावेत एकटे बसून पाण्याकडे पाहत होते. उत्तिय शिळेवर बसायला येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्याने स्वतःच घाटावर तसे सांगितले होते. पाहिलेल्या राखेविषयी आपण गप्प राहिलो तर जागा आपली आहे. रंगघर आपले, धान्य आपले, आणि सामाला त्या कोरड्या गावी जावे लागणार नाही. शिळेवर 'निळा येतो' म्हटले तरी ते कुणाला खोटे वाटणार नाही. नगरच सांगेल की रोहकाचा निळा श्रेष्ठ आहे. पण मग राजाच्या छापाखाली तीच राख गावोगाव जाईल, आणि ज्याला निळा खरोखर येतो तो माणूस आपल्याला काही येत नाही असे समजून गाव सोडून जाईल.

राख गावोगाव जाण्याहून त्या माणसाचे असे जाणे त्यांना जड वाटले. नगरात उतरताच ते घरी गेले नाहीत, उत्तियाकडे गेले.

उत्तिय आपले कुंड फोडून सामान बांधण्याच्या तयारीत होता. बोधिसत्त्वांना पाहून तो म्हणाला, "या, मुख्य रंगारी. उरलीसुरली थट्टा करायची राहिली होती का?"

"शिळेवर बसायला ये, हे सांगायला आलो आहे."

"बसून काय सांगू? माझा निळा मला ठाऊक आहे. पाहिला आहे मी तुझ्या निळ्याच्या शेजारी धरून. चिखलासारखा दिसतो."

"ओला पाहिलास."

"मग काय चावून पाहायचा?"

बोधिसत्त्वांनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला हाताला धरून पुन्हा नावेत बसवले. आधी मेत्तिकेच्या दाराशी नेऊन आपले राखाडी झालेले वस्त्र दाखवले, मग त्या धक्क्यावर नेले. नावाड्याने मुंडासे काढून उत्तियाच्या हातात दिले. उत्तियाने ते उलगडले. चाळणीसारख्या झालेल्या कापडातून पलीकडची नदी दिसत होती. ते डोळ्यांसमोर धरून त्याने एकेक सूत पाहिले. मग त्याने नावाड्याला विचारले, "हे मी केलं?"

नावाडी म्हणाला, "मला काय विचारता? मी फक्त डोक्याला बांधतो."

नेमणुकीच्या दिवशी राजाचा अमात्य पिंगल शिळेपाशी येऊन उभा राहिला. सारे नगर जमले होते. प्रथम रोहकाचे नाव पुकारले गेले, कारण सर्वांना तेच ऐकायचे होते. बोधिसत्त्व शिळेवर बसले आणि म्हणाले, "लाल मला येतो. तो मी धुऊन, वाळवून, वर्षांनंतर जाऊन पाहिला आहे. निळा मला दाखवता येतो, टिकवता येत नाही. तोही मी जाऊन पाहिला आहे. निळा शिकायची इच्छा आहे. एवढंच."

जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मागून कुणी म्हणाले, "उन्हात फिरून आलाय, त्याचा परिणाम." सामा बायकांमध्ये उभी होती. तिने पदर दातांत धरला.

अमात्य म्हणाला, "रोहक, रंगघराचं काम निळ्याचं आहे, हे तू जाणतोस. हे बोल तुला बांधतील."

"म्हणूनच मोजून बोललो."

मग उत्तिय उठला. शिळेवर तो कसाबसा अंग चोरून बसला. आवाज इतका बारीक होता की त्याचे बोलणे पुढच्या रांगेने मागच्यांना सांगितले. तो म्हणाला, "निळा मला येतो. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. माझ्या निळ्याला पालट नाही. लाल मला मुळीच येत नाही."

अमात्याने दोघांकडे पाहिले. आपल्याला काय येत नाही हे दोघांनीही विचारण्यापूर्वीच सांगितले होते, आणि त्या शिळेवर असे फार क्वचित घडत असे. त्याने उत्तियाला रंगघराचा मुख्य नेमले. लालाचे कुंड लहान होते. ते रोहकाला दिले. त्याला धान्य निम्मेच होते, पण गाव सोडावे लागणार नव्हते.

सगळे पांगल्यावर बोधिसत्त्व नव्या मुख्याकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "लालाचं काम आटोपलं की तुझ्या कुंडाशी बसू देशील का?"

उत्तिय गोंधळला. "शिकवायला मला येतं की नाही, ते मला ठाऊक नाही."

"मलाही शिकायला येतं की नाही, ते ठाऊक नाही. दोघेही पाहू."

घरी सामा म्हणाली, "निम्म्या धान्यात दोन माणसं. आणि त्यातला एक पुन्हा विद्यार्थी." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बरं झालं. त्या बाईची गाय तरी पांढरी राहील."

त्यानंतर पुष्कळ ऋतू गेले. बोधिसत्त्व उत्तियाशेजारी बसून कापड बुडवीत, काढीत आणि वाऱ्यावर धरीत. निळा इतका सावकाश येई की तो येताना दिसत नसे, जसा मुलाचा वाढता हात आईला दिसत नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या कापडाने रंग सोडला. दुसऱ्या वर्षी थोडा सोडला. ते दर वर्षी खालच्या गावांना जात, काठ्यांवरची वस्त्रे पाहत आणि जे दिसे त्याप्रमाणे हात बदलीत. पुढे एका उन्हाळ्यात त्यांना दोन निळी वस्त्रे शेजारी वाळत असलेली दिसली, आणि आपले कोणते व उत्तियाचे कोणते हे त्यांना सांगता येईना. ते काठावर बसले आणि वारा दोन्ही वस्त्रे एकदमच हलवीत होता ते पाहत राहिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनात एका भिक्षूला सांगितली. सुभोग त्याचे नाव. वर्षावासात श्रामणेरांना, म्हणजे नव्याने दीक्षा घेतलेल्या मुलांना, शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले, तेव्हा तो, "मला काय येते," असे म्हणून मागे सरत होता. दुसरे काही जण, न विचारताच, पुढे सरत होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा अमात्य पिंगल म्हणजे आजचे या विहाराचे वृद्ध स्थविर वज्जित. मेत्तिका म्हणजे उपासिका पदुमा, जी आजही खरे ते हसत सांगते. सामा म्हणजे भिक्षुणी खेमिका. जो मुंडासे हातात धरून, 'हे मी केलं?' असे विचारीत होता, तो उत्तिय म्हणजे हा सुभोग. आणि रंगारी रोहक म्हणजे मीच."

सुभोग खाली पाहत होता. शास्ते पुढे म्हणाले, "दुसऱ्याविषयी खरे बोलणे अवघड असते. स्वतःविषयी, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही, खरे बोलणे त्याहून अवघड. ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. ती मी त्या नदीकाठी साधली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभोगाने श्रामणेरांना झाडाखाली बसवले आणि प्रथम त्यांना, आपल्याला काय शिकवता येणार नाही, ते सांगितले.